खोटा होकार

ग्रोटनलाही थेम्स नदी आहे,
लंडनची नव्हे, आमची, पुलाखालून पाणबुड्या नेणारी.
तिच्या काठी मी लोकांचे कान तपासते.
मंगळवारी मेडेरोस येतात.
वय अठ्ठ्याऐंशी, डावा कान जवळपास गेलेला,
उजव्यात कुणीतरी कायमची किटली ठेवलीय आधणाला.

मी त्यांना चाचणीच्या खोलीत बसवते.
खोली कसली, पेटीच: जाड भिंती, दाराला रबराची कड, एक काच.
दार लागलं की सीगल, ट्रक, माझ्या खुर्चीची करकर
एका दमात बंद.
अंगठ्याने रबर चाचपत ते दर वेळी म्हणतात,
"सील चांगलंय."

त्यांचं जहाज डनलिन.
वाळूवर तुरुतुरु पळणाऱ्या पाखराचं नाव
दोन हजार टनांच्या बोजड बाईला.
बुडालेल्या पाणबुडीतून माणसं वर काढायची, एवढंच काम.
चारी दिशांना नांगर टाकून
बाजेसारखं स्वतःला पाण्यावर ताणून घ्यायचं
आणि मधून घंटा सोडायची खाली,
उलट्या रांजणाएवढी, आत दोन जीव, तारेला टांगलेले.

कऱ्हाडला आमच्या आळीत
विहिरीत पडलेली भांडी काढायचा गळ
तांबटांच्या एकाच घरी असे, खुंटीला.
वर्षभर कुणी त्याच्याकडे बघत नसे.
कळशी पडली, की सगळी आळी त्यांच्या दारात.

डनलिन सत्तावीस वर्षं खुंटीला.
सराव मात्र चुकला नाही.
एखादी पाणबुडी मुद्दाम तळाशी निजायची,
घंटा उतरून तिच्या पाठीला चिकटायची,
झाकण उघडायचं, आणि खालच्या आचाऱ्याने दिलेला
दालचिनीचा गरम पाव वर यायचा.
"एकशे चार पाव," मेडेरोस म्हणतात. "माझ्या वेळचे."

एकदा खरं बोलावणं आलं.
मार्च महिना, वारा लाटांचे शेंडे छाटत होता.
यंत्राने खोली सांगितली.
कप्तानाने पुन्हा विचारली.
घंटेची तार तिथवर पोचणारच नव्हती.
थांग लागत नाही, असं आपण किती सहज म्हणतो,
माणसाच्या मनाबद्दल वगैरे.

तरी चार दिवस ते तिथेच थांबले.
पंप बंद. भांडं वाजवायचं नाही.
खालून कुणी हातोडी ठोकली तर ऐकू यावी म्हणून
जहाजभर माणसं मोज्यांवर चालत होती.
नोंदवहीत आहे: काही ऐकू आलं नाही.
खाली सही मेडेरोसची. तेवीस वर्षांचे, कान कोरे करकरीत.

डनलिन भंगारात निघाली तेव्हा पेपरात आलं,
एकही जीव न वाचवता निवृत्त.
यांनी संपादकाला एकाच वाक्याचं पत्र पाठवलं:
सत्तावीस वर्षं खालच्या पोरांना झोप लागत होती
ती कुणाच्या जिवावर?
छापलं नाही.

मी बटण दाबते. हजार हर्ट्झ. हात वर होतो.
दोन हजार. नाही.
चार हजार. नाही.
मग मी काहीच वाजवत नाही, तोही चाचणीचाच भाग,
आणि काचेपलीकडे त्यांचा हात वर जातो.
डोळे मिटलेले.
पुन्हा शांतता. पुन्हा हात.
आमच्या फॉर्मवर याला रकाना आहे: खोटा होकार.
तीनच्या वर गेले, की चाचणी बाद.

आज पाच झाले.
मी दोन लिहिले.

"नवं यंत्र नको," कोट चढवताना ते म्हणाले,
"मोठे आवाज वाढले की बारीक मरतात."
मग खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली.
सुनेने केलेला पाव, दालचिनी जरा जास्तच.

गार होता.
संध्याकाळी गाडीत बसून, काचा वर करून
मी तो सगळा खाल्ला,
इंजिन सुरू न करता.